बुधवारची मोजणी

“कोणत्या वारी केलंत, सर?” वाघमोडेबाईंनी विचारले.

माझा सात पानांचा अहवाल शिरगुप्पेमॅडमच्या टेबलावर पडला होता. तो वाचून व्हायला वीस मिनिटे लागली होती. त्या अहवालाने ज्यांचे तीन वर्षांचे काम निकालात काढले होते, त्या बाईंना त्यावर एवढाच प्रश्न सुचावा, याचे मला नवल वाटले.

“सोमवारी,” मी म्हणालो.

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

त्यांनी मान हलवली आणि मांडीवरची वही मिटली.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षे झाली. मिरजेतल्या एका रुग्णालयाला जोडलेल्या लहानशा प्रयोगशाळेत आम्ही पाच-सहा जण डॉ. इंदुमती शिरगुप्पे यांच्या हाताखाली पीएच.डी. करीत होतो. कर्करोगाच्या पेशी हा आमचा विषय. या पेशी कोणा रुग्णाच्या शरीरातून कधीकाळी काढलेल्या असतात. तो रुग्ण जातो, पेशी मात्र काचेच्या आणि प्लास्टिकच्या बशांत पिढ्यानपिढ्या वाढत राहतात. स्तनाच्या कर्करोगाच्या अशा दोन जाती आमच्याकडे होत्या. त्यांची खरी नावे म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे. ती लक्षात राहीनात म्हणून आम्ही एकीला जहाल आणि दुसरीला मवाळ म्हणत असू. मवाळ पेशी जिथल्या तिथे वाढे. जहाल पेशी शेजारची भिंत कापून बाहेर पडे आणि शरीरभर पसरे. भिंत कापायची तर प्रथिने तोडणारे विकर लागते. त्याला प्रोटीएज म्हणतात.

निर्मला वाघमोडे आटपाडीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवीत. शाळेची रजा घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, प्रयोगशाळेत मात्र धाकट्या. त्यामुळे त्या मला सर म्हणत आणि मी त्यांना बाई म्हणे. जहाल पेशींत प्रोटीएजची क्रिया मवाळ पेशींच्या पाचपट असते, असे त्यांच्या मोजणीत आले होते. एकदा नव्हे, चार वेळा. त्यांचा अख्खा प्रबंध या एका प्रकरणावर उभा होता. मार्चअखेर त्यांच्या नोंदणीची मुदत संपत होती. प्रबंध तोवर गेला तर त्या डॉक्टर होणार. न गेला तर रजाही संपली, नोंदणीही संपली, आणि त्या पुन्हा आठवी ‘ब’च्या वर्गावर. हे त्यांनीच एकदा चहा पिताना सांगितले होते. वर हेही म्हणाल्या होत्या की आठवी ‘ब’ वाईट वर्ग नाही, पण एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात छडी धरायची वेळ येते.

जानेवारीत मॅडमनी मला बोलावून ती मोजणी स्वतंत्रपणे करून पाहायला सांगितली. माझ्या हाताविषयी त्यांना भरवसा होता. मलाही होता. मी ती मोजणी केली आणि जहाल पेशींचा आकडा नऊ आला, मवाळांचा सात. बाईंच्या वहीत तेच आकडे दोनशे दहा आणि चाळीस होते.

यंत्र बिघडले म्हणावे तर तसे नव्हते. प्रत्येक मोजणीत मी पडताळ्यासाठी एका नळीत ट्रिप्सिन ठेवीत असे. ट्रिप्सिन हे बाजारात बाटलीत मिळणारे प्रोटीएज. प्रोटीएजने कापले की चमकू लागणारा एक पदार्थ आम्ही नळीत घालीत असू आणि ती चमक यंत्र मोजी. माझ्या ट्रिप्सिनची नळी दिव्यासारखी चमकत होती. म्हणजे यंत्र निर्दोष, पदार्थ निर्दोष. उरल्या पेशी, आणि त्या हाताळणारा हात.

इथून पुढे मी जो युक्तिवाद रचला, तो आजही मला देखणा वाटतो. बशीला चिकटलेल्या पेशी सुट्या करण्यासाठी बाई तेच ट्रिप्सिन वापरीत. पेशी सुट्या झाल्या की त्या धुवाव्या लागतात. बाई एकदा धूत. मी तीनदा धुई. एकदा धुतल्याने ट्रिप्सिनचा अंश मागे राहणार आणि यंत्र तो पेशींच्या नावावर मांडणार. शिवाय जहाल पेशी बशीला अधिक घट्ट धरतात, म्हणून त्यांच्यावर ट्रिप्सिन अधिक वेळ ठेवावे लागते, म्हणून त्यांच्यात अंशही अधिक राहतो. पाचपटीचाही उलगडा झाला. बाईंनी कर्करोगाची क्रिया मोजलीच नव्हती. त्यांनी स्वतःच ओतलेले ट्रिप्सिन मोजले होते. अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात मी हे अशा संयमाने लिहिले होते की कोठेही त्यांचे नाव आले नाही, आणि दुसऱ्या कोणाचा संशयही येऊ नये.

“निर्मला, तुला काय म्हणायचंय?” मॅडमनी त्या दिवशी विचारले.

“सरांच्या शेजारी बसून एकदा करते,” बाई म्हणाल्या. “एकाच वेळी, एकाच बाटलीतनं.”

बाटलीचे सांगितले पाहिजे. पेशी फोडून आतले प्रथिन बाहेर काढायला एक द्रावण लागते; त्याला लायसिस बफर म्हणतात. आमच्याकडे ते दर सोमवारी सकाळी लोंढेमामा सगळ्यांसाठी एकदमच करीत. भानुदास लोंढे प्रयोगशाळेचे सर्वांत जुने कर्मचारी. अडीच लिटर द्रावण, पाच बाटल्या, प्रत्येकीवर त्यांच्या गोल अक्षरात ‘लायसिस’ आणि तारीख. आपापले द्रावण वेगळे करणे हे आमच्याकडे मामांवर अविश्वास दाखवण्यासारखे मानीत. सगळ्यांचे द्रावण एका हातचे असले म्हणजे सगळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येतात, असा त्यामागचा विचार होता, आणि त्या विचाराचा हिरिरीने पुरस्कार करणारा मीच होतो.

पुढच्या सोमवारी आम्ही शेजारी शेजारी बसलो. मॅडम मधूनमधून येऊन मागे उभ्या राहत. बाईंनी त्या दिवशी तीनदा धुतले. मी सांगितले नव्हते, पण अहवाल त्यांनी वाचला होता. यंत्र रुग्णालयाच्या तपासणी विभागात होते. तिथे जायचे, दारापाशी टांगलेल्या नोंदवहीत नाव, तारीख आणि वेळ लिहायची, मग नळ्या लावायच्या, असा शिरस्ता होता. मी सही केली, बाईंनी केली. त्यांनी आधीची एकदोन पाने उलटून पाहिली. मला वाटले, मागचे कोणाचे काम रेंगाळले आहे का ते पाहत असतील.

माझे आकडे आठ आणि सात आले. त्यांचे आठ आणि आठ.

बाई रडतील अशी मला भीती वाटत होती. त्या रडल्या नाहीत. त्या गोंधळल्या होत्या, आणि गोंधळलेल्या माणसाला आधी रडूही येत नाही.

“मग चार शनिवार मी काय मोजलं?” त्या म्हणाल्या. त्यांना यंत्र शनिवारी दुपारीच मिळे. ज्येष्ठ म्हणून आठवड्याचे पहिले दिवस माझ्याकडे होते.

“ट्रिप्सिन,” मी म्हणालो.

“धुतलं नाही म्हणून?”

“पुरेसं धुतलं नाही म्हणून.”

“तसं असेल मग,” त्या म्हणाल्या. “पण सर, हात तर माझाच होता की. एवढा कसा चुकंल?”

याला माझ्याकडे उत्तर होते आणि मी ते सविस्तर दिले.

मॅडमनी निर्णय दिला तो दोन ओळींचा होता. ते प्रकरण प्रबंधातून काढायचे. त्याविना प्रबंध सादर होण्यासारखा नव्हता, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. बाईंनी आठवडाभरात सामान आवरून पुढच्या सोमवारी वही आणि किल्ली जमा करायचे ठरले. प्रयोगशाळेतले सगळे त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावे तसे हळू बोलू लागले. लोंढेमामांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारले, की बाईंचे नेमके काय चुकले. मी त्यांना धुण्याचे सांगितले. मामा म्हणाले, “बाई तर भांडीसुद्धा आपल्या हातानं घासून ठेवत्यात, साहेब.” मी म्हणालो, भांडी वेगळी आणि पेशी वेगळ्या.

तरीही माझे समाधान होईना. दुसऱ्याच्या मोजणीला ट्रिप्सिन म्हणायचे तर ट्रिप्सिन दाखवून द्यायला हवे. नुसते अनुमान पुरेसे नाही. म्हणून त्या शनिवारी, बाई वसतिगृहात पुस्तके बांधीत असताना, मी तीन बशा घेतल्या. तिन्हींत जहाल पेशी. पहिलीत ट्रिप्सिन घालून पेशी एकदा धुतल्या. दुसरीत ट्रिप्सिन घालून तीनदा धुतल्या. तिसरीत ट्रिप्सिनचा थेंबही नाही; रबरी पात्याने पेशी खरवडून काढल्या. माझे म्हणणे खरे असेल तर पहिली चमकेल, दुसरी मंद असेल आणि तिसरी अंधारी. लायसिसच्या चार बाटल्या संपल्या होत्या, पाचवीत बोटभर द्रावण उरले होते, ते मी वापरले.

पहिलीचा आकडा दोनशे चार आला. दुसरीचा एकशे अठ्ठ्याण्णव. तिसरीचा, जिला ट्रिप्सिनने स्पर्शही केला नव्हता, दोनशे सोळा.

मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. नळ्यांची जागा बदलली. आकडे हलले नाहीत. पेशी त्याच, हात तोच, यंत्र तेच, पदार्थ तोच. सोमवारी आठ आणि शनिवारी दोनशे सोळा. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि माझ्या सात पानांतले एकेक वाक्य आठवून पाहू लागलो. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून बरोबर निघत होते. कोठेही खाच सापडेना, आणि तरी त्या सगळ्याच्या शेवटी जी बशी अंधारी असायला हवी होती ती सर्वांत जास्त चमकत होती.

तेव्हा मला बुधवार आठवला.

त्या बुधवाराचा उल्लेख मी इथवर केलेला नाही. अहवालातही केला नव्हता. जानेवारीत माझी पहिली मोजणी झाल्यावर पुढच्या सोमवारी दिवसभर वीज नव्हती, म्हणून दुसरी मोजणी मी बुधवारी केली. तीनदा धुऊन, सगळे नियम पाळून. जहाल पेशींचा आकडा अठ्ठ्याण्णव आला, मवाळांचा एकवीस. हा आकडा बाईंचाही नव्हता आणि माझाही नव्हता. माझा युक्तिवाद तोवर अर्धा लिहून झाला होता आणि त्यात या आकड्याला कोठे जागा नव्हती. मी वहीत त्यावर पट्टीने एक सरळ रेघ मारली, शेजारी ‘यंत्रदोष?’ असे लिहिले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा मोजले. सोमवारी आठ आले. अहवालात दोन मोजण्या गेल्या, दोन्ही सोमवारच्या.

रविवारभर मी सोमवार, बुधवार आणि शनिवार एका कागदावर लिहून त्यांच्याकडे पाहत होतो. आठ, अठ्ठ्याण्णव, दोनशे सोळा. आठवड्याबरोबर काहीतरी चढत होते, किंवा काहीतरी उतरत होते. पेशींना वार कळत नाही. यंत्राला कळत नाही. आमच्या प्रयोगशाळेत वार कळणारी एकच वस्तू होती, आणि ती बाटली होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी पोहोचलो तेव्हा मामांनी मोठ्या चंचुपात्रात द्रावण ढवळायला लावले होते. मला पाहून त्यांनी विचारले, आज एवढ्या लवकर कसे. मी म्हणालो, तुम्ही कसे करता ते बघायचे आहे. ते खूश झाले. चौदा वर्षांत कोणी बघायला आले नव्हते, असे म्हणाले. मीठ घातले, साबणासारखा पदार्थ घातला, आम्लता तपासली. मग त्यांनी फ्रीजर उघडून एक तपकिरी कुपी काढली, पिपेटने मोजून त्यातले काही थेंब द्रावणात सोडले आणि कुपी जागेवर ठेवली.

“मामा, हे काय घातलंत?”

“हे व्हय? तुमचंच औषध की, साहेब.”

“माझं?”

त्यांनी फ्रीजरशेजारच्या कपाटाचे दार उघडले. दाराच्या आतल्या बाजूस, चिकटपट्टीने चारी कोपरे डकवलेला, पिवळा पडत चाललेला एक कागद होता. अक्षर माझे होते.

‘लायसिस बफर तयार करताक्षणी त्यात फ्रीजरमधील तपकिरी कुपीतील प्रोटीएज इन्हिबिटर न चुकता घालावा. तो घालण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडू नये, वापरणारा विसरतो. या सूचनेत खंड पडल्यास कोणाचेही महिनोन्‌महिन्यांचे काम वाया जाऊ शकते, हे ध्यानी असावे. — अ. धारप.’

खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती.

तेव्हा मी प्रथिनांची नुसती ओळख पटवण्याचे काम करीत होतो. पेशी फोडल्या की त्यांच्यातले प्रोटीएज मोकळे सुटते आणि बाकीची प्रथिने कुरतडते. ते होऊ नये म्हणून त्याला निकामी करणारे हे औषध घालतात. घालायचे ते ऐनवेळी, ज्याने त्याने. एकदा मी विसरलो आणि दोन महिन्यांचे नमुने नासले. त्या रागात मी तो कागद लिहिला. पुढे माझे काम बदलले आणि कागद माझ्या डोक्यातून गेला. मामांच्या गेला नाही.

जे मोजायचे तेच मारणारे औषध आम्ही बाटलीत घालून मग मोजत होतो. पाण्यात हे औषध फार टिकत नाही. सोमवारी ते जोमात असते, बुधवारी अर्धे सरते, शनिवारी नावालाही उरत नाही. मी ताज्या बाटलीचा आग्रह धरी. बाईंच्या वाट्याला उरलेसुरले येई. माझी ट्रिप्सिनची नळी नेहमी चमके, कारण ट्रिप्सिन मी साध्या पाण्यात विरघळवीत असे. ते त्या बाटलीच्या वाऱ्यालाही कधी गेले नव्हते.

“दोन वर्षं झाली, साहेब,” मामा म्हणाले, “एक सोमवार चुकला न्हाई.”

मी त्यांना शाबास म्हणालो.

बाई दहाला आल्या. हातात किल्ली, काखेत चार वह्या. आटपाडीची एसटी साडेअकराला होती. मी त्यांना कपाटापाशी नेले आणि दार उघडून कागद दाखवला. त्यांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग मी शनिवारच्या तीन बशा सांगितल्या, तिसरीचा आकडा सांगितला, औषध किती दिवसांत सरते ते सांगितले. मी बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी शोधत होतो. राग दिसला असता तर मला बरे वाटले असते.

“म्हणजे दोनशे दहा बरोबर होतं,” त्या म्हणाल्या.

“बरोबर होतं.”

“आणि चाळीस.”

“तेही.”

त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या. किल्ली मात्र मुठीतच राहिली.

“मग बुधवारी किती आलं होतं?”

मी त्यांच्याकडे पाहिले. बुधवार मी सांगितला नव्हता. सोमवार आणि शनिवार एवढेच सांगितले होते.

“यंत्राच्या नोंदवहीत तुमची सही आहे,” त्या म्हणाल्या. “बुधवारची. मीटिंगच्या आधीच्या शनिवारी बघितली मी. मागच्या सोमवारी शेजारी बसलो तेव्हा परत उलटून बघितली, वाटलं, माझ्याच डोळ्यांची चूक असंल.”

“म्हणून तुम्ही वार विचारलात.”

“व्हय.”

“तेव्हाच का नाही बोललात? मॅडमसमोर?”

“वाटलं, तुम्ही सांगाल.” त्या किल्ली या हातातून त्या हातात घेत राहिल्या. “तुम्ही म्हणालात, प्रत्येक वेळी सोमवारी. मग मला वाटलं, आपल्यालाच काही कळंना झालंय. तुम्ही चुकीचं लिहिणार न्हाई असं सगळीच म्हणतात. मी पण म्हणायची.”



“अठ्ठ्याण्णव,” मी म्हणालो. “आणि एकवीस.”

त्यांनी क्षणभर छताकडे पाहून हिशेब केला. “पाचपट हाय की,” त्या म्हणाल्या. “जवळजवळ पाचपटच हाय, सर. अर्धं औषध शिल्लक असतानासुद्धा.”

मी ते पाहिले नव्हते. महिनाभर तो आकडा माझ्या वहीत रेघेखाली पडून होता, आणि दोन्हीतले प्रमाण मी एकदाही काढले नव्हते.

आम्ही दोघे मॅडमकडे गेलो. मी उभ्यानेच सांगितले; बसायला सांगूनही बसलो नाही. मॅडमनी आधी मामांना बोलावून त्यांच्याकडून सगळे ऐकून घेतले, मग माझ्याकडून बुधवारचे ऐकले. तो भाग मला दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा मी तो फार लांबवला. त्यांनी माझा अहवाल खणातून काढून मला परत दिला आणि म्हणाल्या, “अच्युत, भाषा उत्तम आहे. जपून ठेव.” बाईंना म्हणाल्या, “पाच आठवडे आहेत. पुरतील?”

“बाटली मी करीन,” बाई म्हणाल्या.

“कर.”

त्या दिवशी साडेअकराची एसटी गेली. बाईंनी औषधाविना अर्धा लिटर द्रावण केले. मामा शेजारी उभे राहून, चुकतेय की काय अशा काळजीने, ती तपकिरी कुपी हातात धरून होते. दुपारी बाईंनी आणि मी मोजले. त्यांचे दोनशे सहा आले, माझे दोनशे एक. सोमवार होता.

प्रबंध मार्चच्या एकोणतीस तारखेला गेला. त्याआधी एकदा बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, की परिशिष्टात सगळ्या मोजण्या द्यायच्या आहेत, तुमच्याही; वही द्याल का. मी वही उघडून दिली. रेघ मारलेले पान आले तशा त्या थांबल्या.

“हे वाचता येतंय,” त्या म्हणाल्या, “पण रेघ आहे. परत लिहून द्या.”

मी त्याच पानावर, रेघेच्या खाली, दोन्ही आकडे पुन्हा लिहिले. ‘यंत्रदोष?’ हा शब्द खोडू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला. म्हणाल्या, राहू दे. मग माझ्याच पेनाने साक्षीदार म्हणून त्यांनी खाली सही केली आणि तारीख घातली. त्यांनी पेन परत दिले, पण वही पुढून हलवली नाही. त्या कशाची वाट पाहत आहेत ते मला क्षणभर कळले नाही.

मग मी आकड्यांच्या आधी लिहिले: बुधवार.